माझ्या पाठीतली वाळलेली पेस्ट

मित्रांनो, माझ्याजवळ बसायचं असेल तर आधी नाकाला रुमाल लावा. मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. माइकवर बोलणाऱ्याचा बारीक आवाज मोठा करायचा आणि तारेतून भोंग्यांपर्यंत पोचवायचा, हे माझं काम. मला सव्वीस वर्षं झाली. त्यातल्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत माझ्या जाळीत झुरळांनी अंडी घातली, पाठीवर गुटख्याचे ओघळ वाळले आणि पोटात उंदरांनी घाण करून ठेवली. मला स्वतःची किळस येते. पण त्याहून जास्त किळस मला एका गोष्टीची येते, आणि ती सांगण्यासाठीच आज मी तुमच्यापुढे बसलो आहे.

माझा जन्म जालन्यातल्या एका बोळात झाला. पुंजाराम मिस्त्री नावाचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांचं दुकान एवढं अरुंद होतं, की गिऱ्हाईक आत आलं की मिस्त्रींना उठून बाहेर यावं लागे. त्यांनी माझा पत्रा स्वतः कापला, तांब्याची तार स्वतः गुंडाळली. माझ्या पाठीवर त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा पात्यापात्यांचा जाड पत्रा बसवला आणि त्या पत्र्यावर टोपीसारखे दिसणारे चार ट्रान्झिस्टर लावले. आवाज मोठा करण्याचं खरं काम हे चौघं करतात, आणि काम करताना भयंकर तापतात. त्यांची उष्णता पत्र्यात उतरली आणि पत्र्यातून हवेत गेली, तरच ते जगतात.

मला विकत घ्यायला सर्जेराव आले होते. राजूरच्या रस्त्यावरच्या एका गावचे. तेव्हा ते पंचविशीत होते आणि लाउडस्पीकरचा धंदा नुकताच सुरू करत होते. मिस्त्रींनी त्यांना जवळ बोलावून एक पांढरी, तुपाळ पेस्ट दाखवली.

"हे बघा सर्जेराव, दोन धातू कितीबी सपाट घासले तरी मधी बारीक फटी राह्यतात. फटीत हवा बसली की उष्णता तिथंच अडकती. ही पेस्ट त्या फटी भरती. पण लावायची कशी? डोळ्यात काजळ घालतो तशी. भाकरीवर लोणी थापतो तशी न्हाई."

मग त्यांनी अभ्रकाच्या पातळ पापुद्र्याला दोन्ही बाजूंनी पेस्ट फासली, ट्रान्झिस्टर त्यावर ठेवला आणि स्क्रू आवळले. एकाच्या डोक्याला त्यांनी एक छोटा कट-आउट चिकटवला. फार तापलं की तो माझा आवाज बंद करायचा, म्हणजे मी जळणार नाही. मला ते हात अजून आठवतात. नखांत काळं होतं, पण कामात घाण नव्हती.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. सर्जेराव मला सायकलच्या कॅरिअरला बांधून न्यायचे, खाली गोधडी घालून. चौदा एप्रिलच्या सकाळी मी वंदना ऐकवली. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरांच्या चुकलेल्या कविता ऐकवल्या. लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत वाजलो. कुणी पान खाल्लेल्या हातानं माझं बटण फिरवलं की सर्जेराव ओरडायचे, "ओ पाव्हणं, हात धुऊन या आधी!" रोज परत आल्यावर ते मला कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि जाळीतली धूळ रंगाच्या ब्रशनं झाडायचे. आजूबाजूच्या खेड्यांत लोक म्हणायचे, सर्जेरावांचा आवाज एकदम साफ. ते खरं तर माझं कौतुक होतं, पण मी ते त्यांना घेऊ दिलं.

सहा वर्षांनी सर्जेराव मला घेऊन पुन्हा मिस्त्रींकडे गेले.

"मिस्त्री, सहा वर्षं झाली. ती पेस्ट बदलून टाका. कुणी तरी म्हणलं, दर पाच वर्षांनी बदलावी लागती."

मिस्त्रींनी मला तासभर वाजवलं. मग बंद केलं, वायर काढली, थोडं थांबले. एक बोट त्यांनी ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर ठेवलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा पत्र्यावर.

"दोन्हीकडं जवळपास सारखंच ऊन लागून राह्यलंय," ते म्हणाले. "म्हणजे उष्णता बराबर पुढं चालली. मंग कशाला बदलायची? चांगली बसलेली वस्तू उगाच खोलायची न्हाई. एकदा खोलली की जुनी पेस्ट सगळी पुसून नवी लावावीच लागती."

"मंग बदलायची कधी?"

"ज्या दिवशी हे डोकं चटका देईल आन् पत्रा मातर थंड राह्यील, त्या दिवशी. म्हणजे समजायचं, मधली पेस्ट वाळून मेली. काही वीस वर्षं टिकती, काही पाचातच जाती. वर्षं मोजू नका, हात लावून बघत जा."

सर्जेरावांनी मान डोलावली. पण मित्रांनो, माणूस ऐकताना आपल्या सोयीचं तेवढंच ऐकतो. 'खोलायची न्हाई' हे त्यांनी गाठीला बांधलं. 'हात लावून बघत जा' हे त्या बोळातच राहिलं.

पुढे त्यांचा धंदा वाढला. माणसाच्या उंचीचे खोके आले, निळ्या-जांभळ्या दिव्यांचा टेम्पो आला. मला त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत टाकलं. तिथं फवारणीचे पंप, खताच्या रिकाम्या गोण्या आणि शेळ्यांचा पाला असायचा. पहिल्याच पावसाळ्यात झुरळं आली. दिवसा ती माझ्या ट्रान्सफॉर्मरवर अंग चोरून बसायची आणि पायांनी सारखं काहीतरी चाचपायची. मग उंदीर आले. त्यांनी दोन तारा कुरतडल्या आणि उरलेल्या तारांवर मुतून ठेवलं. कधीतरी ग्रामपंचायतीला दवंडीसाठी किंवा कुठल्या छोट्या सभेला स्वस्तातलं काही हवं असलं की मला बाहेर काढायचे. पोरं माझ्यावर पाय ठेवून भोंगा बांधायची. एका सभेत एका पुढाऱ्यानं भाषण संपवून गुटख्याची पिचकारी थेट माझ्या पाठीच्या पात्यांत मारली. सर्जेराव शेजारीच उभे होते. ते हसले. मला त्या पिचकारीपेक्षा त्या हसण्याची शिसारी आली.

पुंजाराम मिस्त्रींचे हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. आता माझ्या पाठीला हात लावून बघणारं कुणी उरलं नाही.

गेल्या तीन-चार वर्षांत मला कळत होतं, की आत काहीतरी बिघडतं आहे. अर्धा तास वाजलो की चौघांची डोकी विस्तवासारखी व्हायची आणि पत्रा मात्र सावलीतल्या दगडासारखा गार. पेस्ट वाळून खडूच्या भुकटीसारखी झाली होती. कट-आउट माझा आवाज बंद करायचा. सर्जेराव येऊन माझ्या डोक्यावर चापट मारायचे. "म्हातारं झालंय हे. दम लागतो त्याला," असं लोकांना सांगायचे. एकदा त्यांनी माझ्यावर ओलं पोतंसुद्धा टाकलं. विजेच्या वस्तूवर ओलं पोतं! त्या पोत्याला युरियाचा आणि शेळीच्या लेंड्यांचा मिळून असा वास होता, की मला वाटलं, जळून गेलो तर बरं.

मागच्या पाडव्याच्या सुमारास त्यांनी मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला आणि मला अंगणात आणून उलटं पाडलं. स्वयंपाकघरातल्या सुरीनं स्क्रू काढले. वाळलेल्या पेस्टचे पोपडे पडले, ते त्यांनी फुंकरीनं उडवले, पुसले मात्र नाहीत. मग मोरीतून स्वतःची टूथपेस्ट आणली. अर्धी वापरलेली, तोंडाशी केस चिकटलेली. ती त्यांनी पिळली. भाकरीवर लोणीसुद्धा कुणी इतकं थापत नाही. स्क्रू आवळल्यावर ती चारही बाजूंनी बाहेर आली, पुदिन्याचा तो गोडसर वास उंदराच्या मुतात मिसळला आणि सर्जेरावांनी उरलेली बोटं माझ्याच अंगाला पुसली.

दोन दिवस मी बरा वाजलो. टूथपेस्टमध्ये पाणी असतं, ते असेपर्यंत. सर्जेराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मिस्त्री म्हणं! पाच मिनिटांचं काम हाय." तिसऱ्या दिवशी पाणी उडालं, टूथपेस्टची कडक खपली झाली आणि मी पहिल्यापेक्षा लवकर बंद पडू लागलो. हे सर्जेरावांना ठाऊक होतं. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. त्यांना ठाऊक होतं.

आणि तरीही त्यांनी मला राजूरला पाठवलं.

राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या दिवशी किती माणूस लोटतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. पुष्कळ जण अनवाणी चालत येतात. त्या उन्हाळ्यातल्या अंगारकीला एका तरुण मंडळानं रस्त्यालगत, गाड्या लावायच्या मैदानाजवळ पाण्याची चौकी लावली होती. तिथूनच हरवलेल्या माणसांची नावं पुकारायची होती. त्यांनी सर्जेरावांना लाउडस्पीकर मागितला. मोठे खोके लग्नांत गुंतले होते. "देवाचं काम हाय, फुकट घ्या," असं म्हणून सर्जेरावांनी मला दिलं आणि रस्त्यानं खांबाखांबाला सहा भोंगे बांधून दिले.

सकाळी मी तीन पोरं आणि एक पाकीट शोधून दिलं. दोनदा बंद पडलो, पण थंड झाल्यावर पुन्हा उठलो. दुपारी बाराच्या सुमारास एक बाई धावत चौकीवर आली. तिचं नाव आकांक्षा. अंबडकडची. चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझी माय हरवली. पुष्पाबाई नाव हाय तिचं. तिला आता कुणाचं नाव ध्यानात राह्यत न्हाई, स्वतःचंबी न्हाई. मी बाटलीत पाणी भरायला वळले, तेवढ्यात गेली. हिरवं लुगडं हाय. पायात काही न्हाई."

चौकीवरच्या स्वयंसेवकानं विचारलं, "नावानं पुकारलं तर येतील का?"

"न्हाई येणार. माझा आवाज तेवढा ओळखती. मला बोलू द्या."

तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. "माय, मी आकी बोलून राह्यले. भिऊ नको. जिथं हायेस तिथंच..."

आणि मी बंद पडलो.

'उभी राह्य' हे शब्द माझ्या आतच राहिले. आकांक्षा बोलत होती, तिचे ओठ हलत होते आणि सहाही भोंगे मुके होते. पुष्पाबाई तेव्हा दुसऱ्या खांबाजवळ होत्या, हे नंतर कळलं. लेकीचा आवाज त्यांना वरून, भोंग्यातून आला आणि मध्येच तुटला. त्या लेकीला शोधत पुढच्या भोंग्याखाली गेल्या, मग त्याच्या पुढच्या. सहावा भोंगा संपला तरी त्या चालतच राहिल्या, डांबरी रस्त्यानं, भर उन्हात, अनवाणी. माझा आवाज आला नसता तर त्या कदाचित तिथंच घुटमळल्या असत्या. मी अर्धं वाक्य बोललो, म्हणून त्या गेल्या.

इकडे चौकीभोवती गर्दी जमली. कुणी माझ्यावर बुक्क्या मारत होतं. दोघं-तिघं मोबाइल वर धरून आकांक्षाचं रडणं टिपत होते. एकजण तर तिला म्हणाला, "ताई, जरा हिकडं तोंड करा." चिकीचा कागद कुणीतरी माझ्या जाळीत खोचला. मित्रांनो, झुरळांची मला इतकी घाण कधी वाटली नव्हती.

त्या गर्दीतून एक बाई पुढे आल्या. सुमेधा मॅडम. त्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात आणि त्या दिवशी स्वयंसेवकांच्या मदतीला आल्या होत्या. त्यांनी आधी माझी वायर काढली, जरा थांबल्या आणि माझ्या पाठीला हात लावला. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तसा हात लावत होतं.

"पत्रा गार आहे आणि ट्रान्झिस्टरला बोट टेकवता येईना," त्या म्हणाल्या. "उष्णता पुढं जाऊनच नाही राह्यली. ही पेस्ट गेलीय. किती वेळ देता मला? वीस मिनिटं?"

"मॅडम, तेवढ्यात माझी माय..." आकांक्षा रस्त्याकडे धावायला निघाली.

"तुम्ही चौघं रस्त्यानं शोधायला निघा," मॅडम स्वयंसेवकांना म्हणाल्या. "ताई, तुम्ही हितंच थांबा. आवाज तुमचाच पाहिजे."

त्या स्वतः धावत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या आणि पेस्टची एक छोटी सिरिंज, थोडं स्पिरिट आणि कापूस घेऊन आल्या. मला उघडलं तसा त्यांनी तोंडावर पदर धरला. पहिल्या ट्रान्झिस्टरखालची ती पिवळट खपली त्यांनी नखानं खरवडली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"टूथपेस्ट? शी! कुणी केलंय हे?"

तोपर्यंत सर्जेराव आले होते. ते दोन पावलं मागे सरले.

मॅडमनी कापसानं सगळं पुसून काढलं. टूथपेस्ट, तिच्याखालची जुनी भुकटी, गुटख्याचे ओघळ, अंडी. कापसाचे बोळे काळे-पिवळे होऊन ढिगानं पडले. मला लाज वाटत होती. बाईमाणसाला भर रस्त्यात, आपल्या पोटातली इतकी घाण उपसायला लागावी! अभ्रकाचे पापुद्रे सुदैवानं शाबूत होते. त्यांनी पेस्टचा बारीक थर दिला, स्क्रू थोडेथोडे, समोरासमोरचे आवळले. पंचवीस मिनिटं लागली. आकांक्षा तेवढा वेळ माइक छातीशी धरून उभी होती.

मी पुन्हा बोललो तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका साफ होता.

"माय, मी आकी. जिथं हायेस तिथंच बस. मी येऊन राह्यले. कुणाला हिरव्या लुगड्यातली, अनवाणी आजी दिसली तर तिला सावलीत बसवा. तिला पाणी पाजा. माय, मी आकी..."

ती थांबलीच नाही. मीही थांबलो नाही. अर्धा तास, पाऊण तास. पत्रा हळूहळू ऊन होत गेला, आणि तसं ऊन होण्यात किती सुख असतं, हे मी विसरलो होतो.

सहाव्या भोंग्याच्या बरंच पुढे नंदाबाईंची उसाच्या रसाची गाडी होती. तिथवर आवाज पुसट पोचत होता. एक म्हातारी थोड्या अंतरावर रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि आवाज कुठून येतो म्हणून आकाशात बघत होती. नंदाबाईंनी हिरवं लुगडं पाहिलं, घुंगराचं चाक तसंच सोडलं आणि तिला उचलून सावलीत आणलं. मग एका रिक्षात घालून चौकीवर घेऊन आल्या.

"मी रस दिला तर घोट बी घेईना," नंदाबाई सांगत होत्या. "नुसतं 'आकी हाक मारून राह्यली, आकी हाक मारून राह्यली' म्हणायच्या. आधी पाय बघा वो त्यांचे."

पुष्पाबाईंच्या दोन्ही तळव्यांना मोठाले फोड आले होते. एक फुटला होता. त्याला डांबर चिकटलं होतं. त्यांना ते कळत नव्हतं. त्या लेकीच्या हनुवटीला हात लावून विचारत होत्या, "तू मधीच गप का झालीस गं?"

मी ते ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं.

आणि नेमक्या त्या वेळी सर्जेरावांनी माइक उचलला. घसा साफ केला. "भाविक भक्तहो, आपल्या सर्जेराव साउंड सर्व्हिसमुळं आजी सुखरूप सापडल्यात. लग्नकार्यासाठी एक डाव सेवेची संधी..."

ते शब्द माझ्याच पोटातून, त्या नव्या पेस्टवरून, साफ आवाजात बाहेर पडत होते. मला ओकारी येण्याची सोय असती तर मी तिथंच ओकलो असतो.

आकांक्षा उठली. तिनं त्यांच्या हातातून माइक घेतला नाही, फक्त समोर उभी राहिली.

"काका, मशीन बंद पडती हे तुम्हाला म्हाईत व्हतं?"

माइक चालूच होता. प्रश्न सहाही भोंग्यांतून गेला. सर्जेराव इकडंतिकडं बघू लागले.

"जुनी हाय ना बाई ती. जुनी झाली की चालायचंच असं."

"मायबी जुनीच झाली की माझी. मंग सोडून देऊ का तिला रस्त्यात?"

हेही सगळीकडे ऐकू गेलं. मोबाइल धरलेल्यांनी हात खाली केले. सर्जेरावांनी माइक टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात ते म्हणाले, "व्हतं म्हाईत. पाडव्यापासून व्हतं."

सुमेधा मॅडम खाली बसून आजींचे पाय गार पाण्यानं धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "ते बोळे उचला," एवढंच म्हणाल्या. सर्जेराव वाकले आणि माझ्या पोटातून निघालेले ते घाणेरडे बोळे एकेक करून पिशवीत भरले.

पुष्पाबाईंचे फोड सुकायला महिना गेला, असं नंतर कळलं. सर्जेराव त्यांना बघायला दोनदा अंबडला जाऊन आले. मला आता पत्र्याच्या खोलीत ठेवत नाहीत. मी ओसरीवर असतो, अंगावर धुतलेलं कापड असतं. पण सर्जेराव माझ्याकडे आले की माझी किळस अजून जात नाही. सव्वीस वर्षं मी ज्याचं पोट भरलं, त्यानं मला म्हातारं म्हणून हसून घेतलं आणि स्वतःचा आळस माझ्या वयावर ढकलला. ती पेस्ट म्हणजे बोटभर वस्तू आणि वीस-पंचवीस मिनिटांचं काम होतं, बस्स.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा जुना संगणक असेल, टीव्ही असेल, माझ्यासारखं एखादं वाजणारं यंत्र असेल. कुणी सांगितलं म्हणून त्याची पेस्ट उगाच बदलत बसू नका. नीट चाललं असेल तर चालू द्या, नुसती धूळ झाडत जा. पण ते अचानक तापू लागलं, मध्येच बंद पडू लागलं, तर त्याच्या वयावर बोट ठेवून मोकळे होऊ नका. आतलं नेमकं काय वाळलं आहे ते जाणत्या माणसाला दाखवा, जुनं पुसा, मग नवं लावा. आणि बिघाड ठाऊक असेल तर ते यंत्र दुसऱ्याच्या कामाला देताना तोंडानं सांगा तरी. समोरचं माणूस त्या यंत्राच्या भरवशावर कुणाला हाक मारणार आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं.